मंडळीच्या साइटसाठी सुरक्षित प्लॅटफॉर्म कोणता? (जुनं वर्डप्रेस हॅक झालंय)

घंटाघर (धागाकर्ता)

आमच्या चर्चची साइट ६ वर्षांपूर्वी तरुण संघातल्या एका मुलाने हौसेने करून दिली. वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या एका फुकट सॉफ्टवेअरवर. उपासनेच्या वेळा, पाळकसाहेबांच्या उपदेशांचे ऑडिओ, साप्ताहिक पत्रकाची पीडीएफ, संडे स्कूलचे फोटो, प्रार्थना विनंतीचा फॉर्म आणि दानाचं पान, एवढाच पसारा. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर गेला, साइट मागे राहिली. पंचकमिटीत मला 'कॉम्प्युटरमधलं कळतं' असा समज आहे, कारण प्रिंटरमध्ये कागद अडकला की तो मीच काढतो.

गेल्या महिन्यात मंडळीतल्या एका ताईंनी सांगितलं की गुगलवर आपल्या चर्चचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरांत बूट आणि पर्स विकायला आहेत असं दिसतं. मी साइट उघडली तर सगळं जागच्या जागी. दोन दिवस मी त्यांच्याच फोनला नावं ठेवली. शेवटी होस्टिंगवाल्यांना (साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्यांना) विचारलं, तर म्हणाले साइट हॅक झालीय, सफाईचं तुमचं तुम्ही बघा.

कमिटीने ठरवलंय की नवी साइट करायची आणि 'सुरक्षित प्लॅटफॉर्म' मी शोधायचा. आतापर्यंत चौघांनी चार नावं सुचवली: पुन्हा वर्डप्रेस, ड्रुपल, विक्स किंवा स्क्वेअरस्पेस, आणि एकाने 'स्टॅटिक साइट कर, कटकट मिटेल' असं सांगितलं. जाणकारांनी मार्ग दाखवावा. सोप्या भाषेत, ही विनंती.

तिरपा_बाण

देवाच्या घराला कुलूप कशाला? :)

घंटाघर

@तिरपा_बाण, दानपेटीला आहे की.

रात्रपाळी

नवी साइट नंतर. आधी आत्ताची आवरा.

तुम्हाला साइट नीट दिसली आणि ताईंना जपानी दिसलं, यात फोनचा काही दोष नाही. हा प्रकार इतका जुना आहे की गुगलच्या मदतपानांवर त्याला 'जपानी कीवर्ड हॅक' असं वेगळं नावच आहे. आत घुसलेला कोड बघतो की पान कोण मागतंय. गुगलचा बॉट (पानं आपोआप वाचत फिरणारा प्रोग्राम) आला की हजारो खोटी पानं पुढे करतो, माणूस आला की नेहमीचं पान. मालकाला पत्ता लागू नये हाच हेतू. गुगल सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं पटल) जाऊन तुमच्या साइटवर मालकी सांगणारं अनोळखी खातं जोडलेलं आहे का ते बघा. हॅकर बऱ्याचदा स्वतःलाही मालक म्हणून जोडून घेतात. खातं नुसतं काढून भागत नाही, त्याने पडताळणीसाठी ठेवलेली फाइल सर्व्हरवर असते तीही काढावी लागते, नाहीतर तो परत येतो.

आणि आजच्या आज दानाचं पान उघडून त्यावरचा खाते क्रमांक अन् क्यूआर कोड खरा आहे ना ते तपासा. जो हजार पानं घालू शकतो तो एक आकडाही बदलू शकतो.

घंटाघर

तपासलं. क्रमांक बरोबर आहे. पण तपासेपर्यंत हात कापत होते. सर्च कन्सोलमध्ये एक अनोळखी जीमेल पत्ता होता. काढला, फाइलही सापडली.

मीनाक्षी_उ

आमच्या चर्चच्या साइटला कुलपाचं चिन्ह आहे, म्हणजे सुरक्षित, असं आम्हाला करून देणाऱ्याने सांगितलं होतं. मग तेवढं पुरत नाही का?

रात्रपाळी

नाही ताई. कुलूप म्हणजे एचटीटीपीएस. वाचणाऱ्याच्या ब्राउझरपासून तुमच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता बंदिस्त, एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हरवर चोर बसला असेल तर तोही त्याच बंदिस्त रस्त्याने बोलतो. फसव्या साइटींनाही कुलूप असतं. लोकांचा हा गैरसमज जाईना म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढलं. तरी एचटीटीपीएस हवंच, कारण त्याच्याशिवाय क्रोम जुलै २०१८ पासून 'सुरक्षित नाही' असं पत्त्याशेजारी लिहितो. त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंग ते आपोआप नवं करतात.

जुना_वाचक

वर्डप्रेस सोडा. रोज त्यातली काहीतरी भगदाडं बातमीत असतात. ड्रुपल घ्या, सरकारी साइटी त्यावर चालतात, काय समजायचं ते समजा.

तारयंत्र

@जुना_वाचक, अंशतः असहमत. मी ड्रुपल पोटापाण्यासाठी वापरतो, म्हणून एक किस्सा सांगतो. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधली एक मोठी त्रुटी जाहीर झाली आणि दुरुस्तीही त्याच वेळी दिली गेली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा चमूनेच सांगितलं की जाहीर झाल्यापासून ७ तासांत ज्यांनी दुरुस्ती लावली नाही त्यांनी आपली साइट फुटली असंच धरून चालावं. सात *तास*. आठवडे नव्हे. आम्ही पगारी माणसं होतो तरी धावपळ झाली. २०१८ च्या मार्चमध्ये तसंच पुन्हा.

सरकारी साइटीमागे चमू असतो. घंटाघर, तुमच्याकडे सात तासांत सर्व्हरवर जाऊन दुरुस्ती लावणारं कोण आहे? त्या दिवशी तुम्ही प्रवासात असाल तर? घरी आजारपण असेल तर? याचं खरं उत्तर 'कुणी नाही' असेल, तर ड्रुपल, जूमला (तेही त्याच जातीचं सॉफ्टवेअर) आणि स्वतः सांभाळायचं वर्डप्रेस हे तिन्ही यादीतून खोडा. मग उरतं काय ते बघू. ड्रुपल वाईट म्हणून खोडत नाहीये हं. घोडा चांगला आहे, पण तबेल्यात माणूस नाही.

घंटाघर

उत्तर 'कुणी नाही' हेच आहे. लिहिताना जरा लाज वाटली, पण खरं आहे.

पुस्तकी_किडा

मुळात चर्चच्या साइटवर कोण कशाला हल्ला करेल? आम्ही काय बँक आहोत?

रात्रपाळी

तुमच्यावर डोळा ठेवून कुणी बसलेलं नसतं. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइटी वर्डप्रेसवर आहेत. एखाद्या प्लगइनची (वर्डप्रेसला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) त्रुटी कळली की बॉट एकेक दार ढकलत जातो. आत चर्च आहे की चपलांचं दुकान हे त्याला ठाऊकही नसतं. मात्र जुना, चांगल्या नावाचा डोमेन (साइटचा पत्ता) मिळाला तर गुगलमध्ये त्याचं वजन असतं. ते वजनच चोरीला जातं.

ओवी_वाचते

वर्डप्रेसवर सगळं खापर फोडू नका, एवढंच म्हणायला आले. मूळ वर्डप्रेस २०१३ मधल्या ३.७ आवृत्तीपासून छोटी सुरक्षा अद्यतनं स्वतःच लावून घेतं. २०२० च्या ५.५ पासून प्लगइन आणि थीमसाठीही (साइटचं रंगरूप ठरवणारा साचा) ती सोय आहे, फक्त चालू करावी लागते. सहसा फुटतं ते प्लगइन. घंटाघर, किती आहेत हो तुमच्याकडे?

घंटाघर

मोजले. २७. त्यातले ११ बंद आहेत. एक बर्फ पाडणारा आहे, नाताळात घातला होता.

ओवी_वाचते

बंद म्हणजे निष्क्रिय केलेले ना? मग फाइली सर्व्हरवर आहेतच. २०११ मध्ये टिमथंब नावाच्या फोटो लहान करणाऱ्या स्क्रिप्टने हाच गोंधळ घातला. ती असंख्य थीममध्ये होती, आणि थीम वापरात नसली तरी बाहेरून थेट त्या फाइलपर्यंत पोचता यायचं. वापरत नाही ते डिलीट करायचं, नुसतं बंद करायचं नाही.

आणि मुखपृष्ठावर ते सरकणारे फोटो आहेत का? २०१४ मध्ये रेव्होल्यूशन स्लायडरच्या त्रुटीतून साइटींची लाटच्या लाट बुडाली होती. तो विकतच्या थीममध्ये घालून दिलेला असायचा. आपल्याकडे तो आहे हेच कित्येकांना माहीत नव्हतं, मग अद्ययावत कोण करणार!

घंटाघर

सरकणारे फोटो आहेत. पाच. पाचव्यापर्यंत कुणी थांबत नसावं.

कोरी_पाटी

स्टॅटिक साइटच्या बाजूने बोलायला कुणी नाही म्हणून लिहितो. ह्यूगो किंवा जेकिलने तयार केलेली साइट म्हणजे नुसत्या छापलेल्या पानांचा गठ्ठा. सर्व्हरवर डेटाबेस नाही, पीएचपी (पानं जागेवर बनवणारा कोड) नाही, लॉगिनचं पान नाही. फोडायला आत काही चालतच नाही. गिटहब पेजेस किंवा नेटलिफायवर ठेवली की सर्व्हर सांभाळायचं कामही त्यांचं. अद्यतन दोन वर्षं केलं नाही तरी पानं तशीच उभी राहतात. तुमच्यासारख्या साइटला ९० टक्के वेळा हेच पुरतं.

मीनाक्षी_उ

शनिवारी रात्री दहाला पाळकसाहेबांचा फोन येतो, 'उद्याची उपासना आठऐवजी नऊला.' तेव्हा गिटहबवर कोण जाणार? आमच्या सेक्रेटरी बाई साठीच्या आहेत. त्या फेसबुकवर फोटो टाकतात, तिथपर्यंत ठीक.

कोरी_पाटी

मुद्दा मान्य. डेकॅपसारखं संपादन-पटल जोडून देता येतं, फॉर्म भरावा तसं पान बदलतं. पण ते जोडणारा माणूस लागतो आणि बिघडलं तर परत तोच. ज्यांच्याकडे असा एखादा तरुण कायमचा आहे त्यांनाच मी स्टॅटिक सुचवीन.

तिरपा_बाण

कायमचा तरुण :)

तारयंत्र

मी म्हटलं होतं उरेल ते बघू. उरतात दोन जाती. एक, विक्स, स्क्वेअरस्पेस वगैरे: सर्व्हर, सॉफ्टवेअर, दुरुस्त्या सगळं त्यांच्याकडे, तुम्ही फक्त मजकूर टाकायचा. दोन, कुणीतरी सांभाळून दिलेलं वर्डप्रेस: वर्डप्रेस डॉट कॉम किंवा व्यवस्थापित होस्टिंग.

पहिल्या जातीत सात तासांची चिंता त्यांच्या चमूची. तोटा असा की तिथून बाहेर पडणं अवघड. विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही. स्क्वेअरस्पेस काही भाग वर्डप्रेसला चालेल अशा फाइलमध्ये काढून देतं, सगळं नाही. त्यामुळे उपदेशांचे मूळ ऑडिओ, फोटो, पत्रकं यांचा आपला संच वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, साइट हीच प्रत समजू नका. दुसऱ्या जातीत मोकळीक जास्त. पण 'व्यवस्थापित' या शब्दाखाली कुणी काय विकेल सांगता येत नाही. आधी तीन प्रश्न लेखी विचारा: प्लगइनही तुम्ही अद्ययावत करता का? बॅकअप कुठे आणि किती दिवसांचे? साइट फुटली तर साफ कोण करणार? तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जा. तुमचे आत्ताचे होस्टिंगवाले तिसऱ्यातच नापास झाले.

दिवा_पाटील

सगळे कुलपाबद्दल बोलताय, तिजोरीत काय ठेवलंय ते कुणी विचारलंच नाही. त्या प्रार्थना विनंतीच्या फॉर्ममधून आलेला मजकूर कुठे साठतो?

घंटाघर

ईमेलने पाळकसाहेबांना जातो.

दिवा_पाटील

फक्त ईमेलने? बरेच फॉर्म प्लगइन ईमेल तर पाठवतातच, शिवाय एक प्रत डेटाबेसमध्ये ठेवतात. डॅशबोर्डमध्ये 'नोंदी' अशा नावाचं काही आहे का बघा.

घंटाघर

आहे.

६ वर्षांच्या आहेत. १,१४० नोंदी. मी दोन-तीन वाचल्या आणि बंद केलं. कुणाचं व्यसन, कुणाचा संसार मोडायला आलाय, कुणाच्या मुलीचे रिपोर्ट. नावं, फोन नंबर सगळं. मंडळीतली माणसं आहेत, रविवारी समोर बसतात. हे सगळं त्या जपानी बुटांच्या शेजारी पडून होतं.

दिवा_पाटील

हेच वाटत होतं. घाबरू नका, पण हे गंभीर आहे. पाळकसाहेबांना आजच सांगा आणि ज्यांची माहिती होती त्यांना काय कळवायचं ते कमिटीने ठरवावं. लपवू नका. तुमच्याकडचा कायदा काय सांगतो तेही एखाद्या वकिलाला विचारा.

चर्च आणि वैयक्तिक माहिती यावरचा युरोपातला एक गाजलेला निवाडा चर्चच्या साइटवरचाच आहे. स्वीडनमधल्या एका चर्च स्वयंसेविकेने १९९८ मध्ये घरच्या कॉम्प्युटरवर काही पानं केली. सोबतच्या कार्यकर्त्यांची नावं, कुणाचे फोन नंबर, थोडी गंमत. एका सहकारी बाईंच्या पायाला दुखापत झालीय आणि त्या अर्धवेळ रजेवर आहेत, असंही लिहिलं. तक्रारी आल्यावर पानं काढलीसुद्धा. तरी खटला झाला, आणि ६ नोव्हेंबर २००३ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की हा वैयक्तिक माहितीचा वापरच आहे आणि पायाची दुखापत ही आरोग्याची संवेदनशील माहिती आहे. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आता युरोपात जीडीपीआरच्या (तिथला माहिती संरक्षणाचा कायदा) नवव्या कलमात धार्मिक श्रद्धा हीसुद्धा विशेष जपायच्या माहितीत धरली आहे. म्हणजे 'अमुक माणूस या चर्चचा सभासद' एवढी यादीसुद्धा.

माझा सल्ला: प्रार्थना विनंतीसाठी फॉर्मच ठेवू नका. एक फोन नंबर आणि 'उपासनेनंतर भेटा' एवढं पुरे. ठेवायचाच असेल तर नाव ऐच्छिक, नोंद साठवणं बंद.

मीनाक्षी_उ

+१. आणि पत्रकाच्या पीडीएफ! आमच्या पत्रकात वाढदिवस, घरचे पत्ते, कोण कुठल्या दवाखान्यात आहे, सगळं असतं. कागदावर वाटायला ठीक.

रात्रपाळी

गुगलमध्ये 'साइट' आणि 'फाइलटाइप पीडीएफ' हे इंग्रजी शोधशब्द लावून आपल्या डोमेनवर शोधा. मेन्यूतून दुवा काढला म्हणजे फाइल गेली नाही, अपलोडच्या फोल्डरात ती तशीच असते आणि गुगलला आठवत असते.

घंटाघर

शोधलं. २०१९ ची सभासद सूची निघाली. जन्मतारखांसकट. काढली. काढताना माझंच नाव पहिल्या पानावर दिसलं.

शून्य_शिल्लक

खजिनदार म्हणून काम केलंय, दानाबद्दल दोन शब्द. कार्डाचा क्रमांक आपल्या साइटवर घ्यायचाच नाही. 'दान करा' बटण दाबलं की माणूस पैसे घेणाऱ्या कंपनीच्या पानावर गेला पाहिजे, म्हणजे कार्ड सुरक्षेच्या पीसीआय नियमांचा मोठा भारही त्यांच्याकडे जातो.

तेवढ्याने संपत नाही. आमच्याकडे एका रात्रीत काही शे दानं आली, प्रत्येक किरकोळ रकमेचं. आम्ही भाबडे, आनंद झाला. नंतर कळलं, चोरलेली कार्डं चालतात का हे तपासायला दानाची पानं वापरतात. माल पाठवायचा नसतो, रक्कम कितीही लहान चालते, आणि देणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. खरे कार्डधारक तक्रार करतात तेव्हा पैसे परत द्यावे लागतात, वर दंडासारखं शुल्क आपल्या माथी. किमान रक्कम ठरवा, कॅप्चा (समोर माणूस आहे की बॉट हे तपासणारी चाचणी) चालू आहे का बघा, आणि एका तासात अमुक व्यवहारांपुढे कळवा अशी सूचना लावून घ्या. प्लॅटफॉर्म निवडताना हे त्यात आहे का ते विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

पुस्तकी_किडा

अवांतर: पाळकांच्या नावाने मंडळीला ईमेल येतात, 'मी मीटिंगमध्ये आहे, तातडीने गिफ्ट कार्ड घेऊन नंबर पाठवा.' आमच्या दोघा ज्येष्ठांनी घेतलीही. त्याला साइट जबाबदार असते का?

रात्रपाळी

फार अवांतर नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१९ मध्ये नेमकी हीच सूचना काढली होती. नाव, पद आणि ईमेल पत्ता साइटवरूनच उचलतात. पत्ते उघडे छापण्याऐवजी संपर्क फॉर्म ठेवा आणि डोमेनला एसपीएफ, डीकिम, डीमार्क लावून घ्या, म्हणजे निदान तुमच्याच डोमेनच्या नावाने खोटं पत्र पाठवणं अवघड होईल. जीमेलवरून दुसऱ्याच नावाने आलेल्या पत्राला मात्र हे थांबवत नाही. ते रविवारी माईकवरूनच सांगावं लागतं.

ओवी_वाचते

लॉगिनचं कुणी बोललं नाही. सगळ्यांचा एकच 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्ड ऑफिसच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर, असं असेल तर कुठलाही प्लॅटफॉर्म घ्या, सारखंच. प्रत्येकाला वेगळं खातं, द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक कोड) सक्तीची. सेक्रेटरी बाईंना संपादकाचा अधिकार पुरतो, प्रशासक दोघंच. एक का नको, ते तुम्ही भोगताय. आणि कमिटी बदलली की त्याच आठवड्यात जुनी खाती बंद.

घंटाघर

@ओवी_वाचते, रजिस्टर नाही, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. बाकी तंतोतंत.

घंटाघर

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व.

कमिटीला दोन तास लागले. तारयंत्र यांचा सात तासांचा किस्सा सांगितल्यावर ड्रुपलवाले गप्प झाले. दिवा_पाटील यांचा स्वीडनचा खटला सांगितल्यावर सगळेच. आम्ही सांभाळायचं ते सगळं तेच सांभाळतील अशी होस्टेड सेवा घेतली. पानं सहाच. प्रार्थनेचा फॉर्म नाही. पत्रकाची साइटवर वेगळी प्रत, त्यात नावं नाहीत. मुलांचे फोटो पालकांनी लेखी दिल्याशिवाय नाहीत, सध्या तर एकही नाही. दान पैसे घेणाऱ्या कंपनीच्या पानावर. प्रशासक मी आणि सेक्रेटरी बाई. त्यांनी पडताळणीचं अ‍ॅप माझ्याआधी लावलं. ज्यांच्या प्रार्थना साठल्या होत्या त्यांना पाळकसाहेबांनी स्वतः फोन केले, अजून संपलेले नाहीत. जुन्या नोंदी पुसल्या.

एकच अडलंय. डोमेन त्या मुलाच्या नावावर आहे आणि त्याला जोडलेला ईमेल कॉलेजचा, तो कधीच बंद झालाय. नूतनीकरणाची सूचना त्यावरच जात असणार. मुदत ५ आठवड्यांवर आलीय.

तारयंत्र

बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आज त्याला फोन करा. डोमेन सुटला तर ही सगळी मेहनत दुसऱ्याच्या पत्त्यावर. नोंदणी संस्थेच्या खात्यात त्याचा पासवर्ड चालत असेल तर आत जाऊन ईमेल बदलता येईल. मालक म्हणून चर्चचं नाव, ईमेल कुणा एकाचा नको, कमिटीचा. पण तो पत्ता याच डोमेनवरचा नसावा, नाहीतर डोमेन बंद पडला की सूचनाही पोचणार नाहीत. हस्तांतरणाचं कुलूप आणि आपोआप नूतनीकरण दोन्ही चालू करा.

घंटाघर

झालं. पासवर्ड त्याच्या लक्षात होता, दहा मिनिटांत बदलून दिलं. हॅक झाल्याचं सांगितल्यावर बिचारा ओशाळला. म्हणाला, 'काका, बर्फ मी घातला होता, कबूल. पण तो स्लायडर नको असं मी तेव्हाच म्हणत होतो. कमिटीला पाच फोटो हवे होते.'

जुनं इतिवृत्त काढून बघितलं. ठराव माझाच होता.